चौकातली परकी बाई

“नॉर्वेच्या बाईचा पुतळा आन् घाटघरच्या चौकात? नाय बसू देनार!”

हौशीराम गरजला आणि ग्रामसभा दणाणली. निम्म्यांनी टाळ्या पिटल्या, निम्मे ताडकन उभे राहिले. सरपंच स्नेहल टेबलावर हात आपटत राहिली.

“भाऊ, साथीत इंगा डॉक्टरांनी अर्धं गाव वाचवलं!”

“मी बी तिचंच औषध प्यालोय, आठ वर्सांचा व्हतो. उपकार मानतो की! पन चौकात मानूस आपलाच पायजे. परका नको!” साठी ओलांडलेला हौशीराम रंगात आला होता. मत त्याच्याच बाजूला झुकत होतं.

तेवढ्यात स्नेहलचा मोबाईल वाजला. पुतळ्यासाठी फोटो हवा म्हणून तिनं डॉक्टरीणबाईंच्या गावाला पत्र धाडलं होतं. त्याचं उत्तर आलं होतं. तिनं वाचलं, पुन्हा वाचलं, आणि तिचा आवाज चढला.

“ऐका! इंगाबाईंचा पुतळा त्यांच्या गावातही नाही. गाव बसवणार होतं, पण बाईच नको म्हणाल्या. ‘घाटघरात मला एकही दार उघडत नव्हतं. एक बाई पुढं झाली, आधी स्वतःच्या लेकराला औषध पाजलं, मग घराघरांत मला घेऊन गेली. पुतळा तिचा करा.’ मग त्या गावानं जुन्या फोटोवरून तिचाच पुतळा केला!”

मोबाईल हातोहात फिरला. माणसं एकमेकांच्या खांद्यावरून डोकावू लागली. परक्या मुलखातला चौक, सगळीकडे बर्फ. मधोमध नऊवारीतल्या बाईचा पुतळा, डोक्यावर औषधांची पाटी.

हौशीरामनं दोन बोटांनी फोटो मोठा केला. हनुवटीवर गोंदण दिसलं. आई जाऊन बावीस वर्षं झाली होती. घरात तिचा एकही फोटो नव्हता.

“आय हाय ही माजी!” तो ओरडला. “सारजाबाई!”

कुणीतरी शिट्टी मारली. मंडपभर एकच कल्ला उठला. गलका ओसरेपर्यंत हौशीराम फोटोकडेच बघत होता.

“ताई, तिथं हिला कुनी परकी म्हनलं न्हाई?”

स्नेहलनं ‘नाही’ म्हणून मान हलवली.

हौशीराम खुर्चीवर चढला. डोळे पुसायचंही त्याला सुचलं नाही.

“ठराव लिवा! चौकात इंगा डॉक्टरीनबाई. सूचक, हौशीराम सारजाबाई!”