औषधाचा पिंजरा

सुमेधाचा शोधनिबंध जर्नलने परत पाठवला. अशक्तपणावरचं तिचं औषध घेतलेले आणि न घेतलेले उंदीर शेवटी अगदी सारखेच निघाले, सबब औषध निरुपयोगी, या निष्कर्षाबद्दल त्यांची तक्रार नव्हती. त्यांना एवढंच हवं होतं की उंदरांची वाटणी कशी केली ते स्पष्ट लिहा. ‘चिठ्ठ्या टाकून,’ असं तिने फॉर्मवर लिहूनही टाकलं. तरी खात्री करावी म्हणून ती परळच्या त्या जुन्या इमारतीचे चार जिने उतरून प्राणीघरात गेली. तिथे उंदरांची देखभाल आणि वाटणी करणारे कर्मचारी दत्ताराममामा पिंजरे धूत होते. काळाचौकीच्या घरात चकार शब्द न काढणारे मामा उंदरांशी मात्र दिवसभर गप्पा मारत.

"मामा, चिठ्ठ्या टाकूनच वाटणी केलीत ना?"

"टाकल्या की. पण धडधाकटच औषधाला यायला लागले, मॅडम. त्यांना कशाला औषध? मग मरतुकडे तेवढे वेचून औषधाच्या पिंजऱ्यात घातले."

सुमेधाने कपाळाला हात लावला. "दोन वर्षांत हे सांगितलं का नाहीत?"

"तुम्ही आज विचारलंत."

तिने ‘चिठ्ठ्या टाकून’ खोडलं आणि मामांनी सांगितलं तसंच लिहायला घेतलं. आता सगळा प्रयोग पहिल्यापासून करावा लागणार होता.

मामा बाजूला उभं राहून वाचत होते. "पण मॅडम, मरतुकडे जर धडधाकटांच्या बरोबरीला आले, तर औषध नापास कसं?"