बोंबलांचा राखणदार

शिडाचा दोर ओढताना कान्हाच्या अंगावरून वारं गेलं आणि डावा पाय लुळा पडला. डॉक्टरांनी दिलेली काठी त्याने चुलीत घातली आणि दारात बसून राहिला. मग त्याच्या बायकोने, केसरने, त्याला वाळत टांगलेल्या बोंबलांची राखण दिली. लांबच्या टोकाला कावळे उतरले की तो शिव्या देत उठायचा आणि बोंबलांचा आडवा बांबू धरून, पाय ओढत तिथवर जायचा.

"केसर, गावचे सगळे कावळे तुझ्याच बोंबलांवर कसे गो?" शेजारच्या चंद्राबाईने विचारलं.

कान्हाची पाठ वळलेली पाहून केसरने माशांच्या आतड्यांची मूठ त्या टोकाला फेकली.

"हळू बोल, बाय. काल ह्यांनी बांबू सोडून उभ्यानं दगड मारला."