मांडीवरचं सूत

हिरवं बटण : ‘मी शिकवते’.
उकळलेल्या रेशीमकोशांचा कुबट वास.
शुगरचा रिपोर्ट, चार घड्या घालून चहाच्या डब्याखाली.
पुण्याहून आलेली जीन्स.
चिमूटभर राख.

कोंढा गावातल्या त्या ओसरीत हे सगळं एकाच सतरंजीभोवती होतं. सतरंजीवर कुंताबाई, आणि समोर लॅपटॉप घेऊन तिची लेक कामिनी. हातची कला असलेली माणसं आणि शिकू पाहणारी पोरं यांची गाठ घालून देणारं ॲप कामिनी बनवत होती. सोमवारी ते पुण्यात दाखवायचं होतं. त्यातली पहिली गुरू म्हणून तिने आईला बसवलं होतं.

कोशाचा तंतू उघड्या मांडीवर वळून सूत काढणारी बाई गावात ही एकच उरली होती. तिच्या मांडीवरची जखम दोन महिने भरत नव्हती. डॉक्टरने सूत बंद करायला सांगितलं होतं. आजचं शेवटचं, व्हिडिओपुरतं.

ॲपमधल्या फॉर्मचा पहिला रकाना : वय?

“साठ लिव. नाई त पासष्ट. तुले बरं दिसन थे.”

कुंताबाईने लुगडं वर सारलं, जखम सोडून मांडीवर पकडीसाठी राख चोळली आणि तंतू ओढला.

“माय, मांडी नको दिसू देऊ. हातच येऊ दे व्हिडिओत.”

“हात त पोळ्याबी लाटते. मांडी झाकली त शिकन काय, माहं कप्पाळ?”

“पाहून येईल ना कोणाले तरी.”

“पाहून येत असतं त हे मांजर आतापर्यंत साड्या विकत असतं. रोज समोरच बसते.” मग हळू म्हणाली, “हात धरा लागते, बाई. दाब किती द्याचा, थे कातडीले समजते.”

पुढचा रकाना : आतापर्यंत किती जणांना शिकवलं?

कुंताबाईचा हात थांबला. “एक.”

“कोण?”

“एक लिव ना. नाव कायले पायजे?”

शिष्याच्या नावाच्या रकान्यापुढे लाल चांदणी होती. नाव भरल्याशिवाय पुढची स्क्रीन उघडत नव्हती. तो नियम कामिनीनेच घातला होता.

तिने लॅपटॉप मिटला आणि आईच्या शेजारी सरकली. कुंताबाईने जीन्सवरून बोट फिरवलं.

“याच्यावर नाई बसत सूत.”

कामिनी उठून आत गेली. आईचं जुनं लुगडं नेसून बाहेर आली, गुडघ्याच्या वर सारून बसली. राख चोळली. कुंताबाईने तिचा तळवा धरून मांडीवर दाबला आणि खाली ओढला. तंतू तुटला. पुन्हा धरला. पुन्हा तुटला. व्हिडिओसाठी ठेवलेले पाचही कोश संपले.

कुंताबाईने हात पुसले. जखमेवरून लुगडं ओढून घेतलं.

“व्हिडिओच टाक,” ती म्हणाली.

सातवीत आईकडून सूत वळायला शिकत असताना मैत्रिणी दारात आल्या, तेव्हा कामिनी याच सतरंजीवरून फ्रॉक खाली ओढत उठून गेली होती.