हुग्गीची फिल्म

माझी बायको गंगम्मा गेल्याचं दवाखान्यातून कळलं, तेव्हा आमच्या शिवरंजनीच्या फिल्ममध्ये फक्त आईचा आवाज भरायचा राहिला होता. कॉलेजच्या शेवटच्या वर्षाचा प्रोजेक्ट होता तो. आई सणाला गव्हाची हुग्गी, म्हणजे खीर, कशी करते, ते दाखवायचं होतं. शेजारच्या कापसाच्या जिनिंगचा गोंगाट येतो म्हणून पोरीने माइक बंद ठेवला होता. "आई, आत्ता गप राहा. बोलणं नंतर घेऊ," असं ठरलं होतं.

गंगम्माला माती दिल्याच्या दुसऱ्याच दिवशी पोर फिल्म जोडायला बसली. शेजारच्या कमलबाई दारातूनच म्हणाल्या, "सुतकात हे काय करायलीस गं?"

"आमच्या लिंगायतात सुतक नसतं, कमलबाई. बसू द्या तिला," मी म्हणालो.

पोरीबरोबर मी कॉलेजात गेलो. सर म्हणाले, "अप्पा, दुसऱ्या कुणा बाईचा आवाज घालू. नाहीतर मार्क जातील."

"जाऊ द्या. तिच्या तोंडी दुसरीचं बोलणं घालायचं न्हाई."

सरांनी फिल्म लावली. शेवटी गंगम्मा पातेलं खाली उतरवते, कॅमेऱ्याच्या बाजूला बघते आणि तिचे ओठ हलतात.

"काय म्हणतात त्या?" सरांनी विचारलं.

"मी दारात उभा होतो. जेवायला बोलवायलीय मला."

"मग तेवढं तरी कुणाकडून बोलून घेऊ."

"न्हाई सर. ती हाक मला हाय."

शिवरंजनीने फिल्म तशीच जमा केली. आवाज भरायचा राहिला आहे.