ओहायोचं सुगड

कपाटातली मधली जागा रिकामी बघून अच्युतरावांनी वरचे-खालचे कप्पे चाचपले. मुठीएवढं हिरवं भांडं, शंभरेक वर्षांपूर्वी ओहायोतल्या कुणा बाईनं हातानं घडवलेलं, बुडाशी तिची कोरलेली सही. अशी जुनी अमेरिकन भांडी जमवण्यात त्यांची अर्धी हयात गेली होती, पण जीव होता तो या एकात.

"वसुधा, ते हिरवं कुठंय?"

"वाणात गेलं," पोळी उलटत वसुधाताई म्हणाल्या. "पाच सुगडं होती, ती सवाष्णींना दिली. तेवढ्यात खालची योगिनी वाटी परत करायला आली, हळदीकुंकू बघून दारातूनच वळली. नवरा गेल्यापासून तिला कुणी बोलावत नाही. ऐन वेळी या हिंदी मुलखात, मिसरोदमध्ये, सुगड कुठून आणू? तेही मातीचंच, हातानं केलेलं. बोरं-हरभरे भरले आणि तिला आत बोलावून दिलं."

"अगं, ते काय संक्रांतीचं मडकं होतं?"

"मग मागा जाऊन. दिलेलं वाण परत मागायला माझी जीभ नाही रेटणार."

अच्युतराव तरातरा जिना उतरले. बदल्यात द्यायला स्टीलचा कोरा डबा घेतला होता, वाक्यही घोटून ठेवलं होतं: चुकून दिलं गेलं.

योगिनीनं दार उघडलं. भांडं देवापुढे होतं. त्यावर हळदीकुंकवाची बोटं ओढलेली. त्या खरबरीत हिरव्या झिलईवरून हळद आता निघायची नाही, हे त्यांना दारातूनच कळलं.

"या ना काका! तीन साल झाले, मला कोणी बुलावलंच नव्हतं. काकूंनी तर सबके सामने वाण दिलं." तिनं त्यांच्या हातावर लाडू ठेवला. "तिळगूळ घ्या, गोड बोला."

लाडू तोंडात गेला. घोटलेलं वाक्य त्याच्याबरोबर गिळावं लागलं.

"आणि हा डबा?"

"हा… वाणातलाच. वरच राहिला होता."

ते वर आले तेव्हा वसुधाताईंनी त्यांच्या मोकळ्या हातांकडे पाहिलं.

"डबा?"

"तोही गेला."

त्यांना वाईट वाटत होतं, चांगलंच वाईट. बाकीची भांडी सरकवून ती जागा भरावी म्हणून त्यांनी कपाट उघडलं आणि जागा तशीच ठेवून लावून टाकलं.

"पुढच्या संक्रांतीला," ते म्हणाले, "सुगडं सहा आण."