थंड हवेची गाडी

अब्दुल गनीने बॉनेटखाली हात घालून पाइप चाचपला आणि तो जवळजवळ ओरडलाच, "पाटील, थंडीचा गॅस आहे! पाइपावर बर्फ जमून राह्यला!"

एकोणीसशे त्रेसष्टच्या वैशाखात, जळगाव जामोदच्या भर दुपारी बर्फ! खामगावच्या बर्फाच्या कारखान्यात गनीने आठ वर्षं काढली होती, पण मोटारीतला बर्फ तो पहिल्यांदाच बघत होता. घाम पुसायचंही त्याला भान राहिलं नाही.

"मंग हवा काऊन नाही येत?" उत्तमराव पाटलांनी घड्याळ पाहिलं. दिल्लीच्या लिलावातली ही लांबलचक जुनी अमेरिकन गाडी काल गावात शिरली, तेव्हा आत हुडहुडी भरत होती. संध्याकाळी पूजा झाली, नारळ फुटला, आणि आज सकाळपासून गाडीची थंड हवा रुसून बसली होती.

आज संध्याकाळी अकोल्याला बारसं होतं. पाटलांची आई मनकर्णाबाई पणतीसाठी शिवलेली कुंची मांडीवर घेऊन ओसरीवर तयार बसली होती. गेल्या उन्हाळ्यात एसटीत तिला ऊन लागलं, तेव्हापासून डॉक्टरांनी वैशाखातला प्रवास बंद केला होता. हवा थंड झाली तर म्हातारी जाणार, नाहीतर कुंची एकटीच जाणार.

"इंजिन चालू ठेवा!" म्हणत गनी मागे पळाला. थंडीची पेटी डिकीत होती आणि तिचा पंखा झकास फिरत होता. म्हणजे गॅस आहे, पंखा आहे, फक्त हवेला वाट नाही! मागच्या सीटच्या पाठीशी दोन जाळ्या होत्या. एकीतून पंखा आतली हवा ओढायचा, दुसरीतून थंड करून सोडायचा. ओढायची जाळी उचलून त्याने हात घातला, तर हाताला काहीतरी ओलं लागलं.

वाळा! चांगला दोन मुठी भिजवलेला वाळा, लुगड्याच्या हिरव्या काठाने बांधून खच्चून कोंबलेला. वैशाख लागला की पाटलांच्या घरी दारोदार असेच वाळ्याचे पडदे भिजत.

मनकर्णाबाई केव्हा गाडीच्या दाराशी आली, ते गनीला कळलंही नाही. तिचं तोंड एवढंसं झालं होतं.

"वाळ्याबिगर थंडी हवा येते काय, बापा?" ती पुटपुटली. "मले वाटलं, माह्या उत्तमले अजून गार लागन."

"काय निघालं, गनीभाई?" पाटील पुढून ओरडले.

"कचरा, पाटील!" गनीने वाळा सदऱ्याखाली लपवला.

हवेला वाट मिळाली तसा हळूहळू बर्फ वितळला आणि दुसऱ्या जाळीतून हवेचा असा झोत आला, की गनी एकटाच टाळ्या वाजवू लागला. म्हातारी आत बसली, झोतापुढे हात धरून पोरीसारखी हसली.

"थंडी तं लय आहे रे," ती हळूच म्हणाली, "पण घरच्यासारखी नाही लागत."

गनीने सदऱ्याखालून वाळ्याची एकच काडी काढली आणि थंड हवेच्या जाळीला अडकवली. काडी झोतात थरथरू लागली.

गाडी वेशीबाहेर पडली तसं पाटलांनी नाक वर केलं. "माय, हा वाळ्याचा वास कुठून येऊन राह्यला?"

मनकर्णाबाईने कुंची छातीशी धरली.

"विलायती मशीन आहे, बापा. येत असन."