सोनेरी भिंत

सासूबाईंनी दारात भाकरतुकडा ओवाळून टाकला आणि रेवतीने उंबरा ओलांडला, तशी यतीनने मागून तिचे डोळे झाकले.

"अरे, बाळ आहे हातात," ती म्हणाली.

"दोनच पावलं. हं, आता बघ."

हॉलची मोठी भिंत सोनेरी झाली होती. गडद, जुन्या मधासारखी. बाळ कावीळ उतरायला हॉस्पिटलात निळ्या दिव्याखाली होतं, रेवती त्याच्या उशाशी होती, तेवढ्यात यतीनने ऑफिसातून रजा काढून हे उरकून घेतलं होतं.

"अख्ख्या सोसायटीत कुणाकडे नाही असा रंग. लक्ष्मी आलीय घरी, मग भिंत सोन्याची नको?"

"छान आहे," रेवती म्हणाली आणि तिने बाळाकडे पाहिलं.

बाळ पिवळं दिसत होतं. कपाळ, गाल, हनुवटीखालची घडीसुद्धा. दुपारचं ऊन भिंतीवर पडून खोलीभर पसरलं होतं. सासूबाईंचे पांढरे केसही पिवळे झाले होते.

"यतीन, ही परत पिवळी दिसतेय."

"अरे यार, भिंतीचा रंग पडतोय. मला बघ, मीपण पिवळाच."

"तेच म्हणतेय. मग मला कळणार कसं?"

"सकाळीच सोडलंय ना डॉक्टरांनी?" सासूबाई म्हणाल्या. "बाळंतिणीने नाही ते मनात आणू नये."

सोडताना डॉक्टरांनी हेही बजावलं होतं, की कावीळ परत चढू शकते. रोज दिवसाच्या उजेडात कातडी दाबून बघा. आतल्या खोलीत ट्यूबशिवाय दिसत नव्हतं. बाल्कनीत शेजारच्या बांधकामाची धूळ उडत होती. रेवती बाळाला घेऊन बाहेर जिन्यात गेली. तिथल्या भिंती पांढऱ्या होत्या आणि खिडकी मोठी होती.

तिने बाळाच्या नाकाच्या शेंड्यावर बोट टेकवलं, उचललं. कातडी फिकट झाली, मग गुलाबी. दुपटं सारून छातीवर टेकवलं. तिथेही गुलाबी. पिवळेपणा कुठे नव्हता.

आता हायसं वाटायला हवं होतं. ती वाट बघत उभी राहिली. लिफ्ट वर आली, रिकामी उघडली, मिटली आणि खाली गेली. काही वाटलं नाही.

यतीन दारात आला. "काय, आहे पिवळी?"

"नाही."

"बघ, सांगत होतो ना? चलो, आत ये. चौथ्या मजल्यावरच्या काकू यायच्यात बघायला."

"भिंत?"

"बाळ गं."

"मी इथेच बसते जरा."

"इथे? जिन्यात? किती वेळ?"

"उजेड आहे तोवर."

"आणि उद्या?"

रेवती बाळाच्या कानामागे बघत होती.

यतीनने आत जाऊन वेताची खुर्ची आणली आणि तिची पाठ खिडकीकडे करून ठेवली. समोर त्यांचं उघडं दार होतं आणि दारातून भिंत लखलखीत दिसत होती. सकाळपासून त्याने पहिल्यांदाच आवाज खाली आणला. "बस."

रेवतीने बाळाला खांद्याशी धरलं, मोकळ्या हाताने खुर्ची खिडकीकडे वळवली आणि बसली.